हरवलेले एकशे चाळीस मीटर

पाटी: ० मीटर. प्रत्यक्षात: ० मीटर. (इथपर्यंत वाद नाही.)

आधीच सांगून टाकतो, मी माझ्या साडूवर जळत नाही. जळायला समोरच्यात काहीतरी असावं लागतं. माझ्या साडूत काय आहे? उंची आहे, केस आहेत, दातांचा चालता दवाखाना आहे आणि रविवारी सकाळी सात वाजता हसण्याची ताकद आहे. बाकी काही नाही.

तर त्या रविवारी घरच्या ग्रुपवर फोटो आले. सव्वीस. सगळ्यांत सासूबाई व्हीलचेअरवर, मागे तळं आणि खुर्चीच्या मुठींवर साडूचे हात. काही फोटोंत तळं नव्हतं, पण हात होतेच.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून त्या आमच्याकडे असतात, मागच्या खोलीत. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलेली बाई, एका जागी बसवलेली. गावाबाहेरच्या तळ्याकाठी नुकतीच एक पक्की, सपाट वाट झाली होती. पायरी नाही, खड्डा नाही, थोड्या थोड्या अंतरावर बाक आणि शेवटी पाण्यावर काढलेला लाकडी सज्जा. सुरुवातीला कमान: 'सर्वांसाठी सुगम निसर्गवाट. लांबी २००० मीटर. व्हीलचेअर, बाबागाडी आणि ज्येष्ठांचे स्वागत.' साडूने सासूबाईंना या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेलं. फोटोंखाली मेव्हणीने लिहिलं, "दोन किलोमीटर! एकदाही न थांबता!!" उद्गारचिन्हं तिची.

एवढ्यावर भागलं असतं, तर ही कथा झाली नसती. पण शेवटी सासूबाईंचा आवाज आला. साडूच्या गाडीतून पाठवलेला, सात सेकंदांचा निरोप:

"अगं, मला आजवर असं कुणी फिरवलं नव्हतं."

मी तो तीनदा ऐकला. नंतर न्हाणीघरात जाऊन चौथ्यांदा ऐकला.

असं कुणी! आठ महिने क्ष-किरणाला कुणी नेलं? व्यायामवाल्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा? डोळे तपासायला? लिफ्ट बंद होती तेव्हा तीन मजले खुर्चीसकट उचलून आणलं, तेव्हा खुर्चीचं एक टोक कुणाच्या खांद्यावर होतं? आता तिथे मागे तळं नव्हतं हे मान्य. जिन्यात रंग उडालेला आहे, हेही मान्य. आणि फोटो कोण काढणार? मी खुर्ची धरली होती.

पाटी: ५०० मीटर. प्रत्यक्षात: ४६५ मीटर १० सेंटीमीटर.

"पुढच्या रविवारी आपण नेऊ आईंना," मी बायकोला म्हटलं.

"न्या की. छान वाटेल तिला."

"छान नाही. जास्त."

"म्हणजे?"

अडचण अशी होती की साडूने वाट संपवली होती. दोन हजार मीटरची वाट, दोन हजार मीटर त्याचे. पुढे पाणीच. "दोन फेऱ्या मारल्या तर?" मी विचारलं.

"आई आहे ती माझी. मिक्सरमध्ये घातल्यासारखं गरगर फिरवताय काय!"

मग मला सुचलं. आपलं वाढत नसेल, तर त्याचं कमी करावं. यात मत्सर वगैरे काही नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे तराजू, लिटरची मापं आणि कापडदुकानांतल्या मीटरपट्ट्या तपासतो आहे, आणि माझा अनुभव असा की जिथे आकडा गोल असतो तिथे काहीतरी चपटं असतं. 'दोन हजार मीटर.' एक कमी नाही, एक जास्त नाही. शिवाय फोटो क्रमांक सतरामध्ये पाचशे मीटरच्या पाटीमागे सुरुवातीची कमान दिसत होती. फार जवळ दिसत होती. मी तो फोटो इतक्या वेळा मोठा करून पाहिला की बायकोला वाटलं, मी साडूच्या केसांकडे बघतोय.

सोमवारी रजा टाकली आणि मोजचाक घेऊन निघालो. मोजचाक म्हणजे दांड्याला लावलेलं चाक. ढकलत चालायचं, वर आकडे फिरतात. (त्याने खुर्ची ढकलली, मी चाक ढकललं. साम्य इथे संपतं.) जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. काकांनी तीस वर्षं बस चालवली, त्यामुळे अंतर या विषयावर त्यांना कोणी काही शिकवू शकत नाही.

"जाताना मोजायचं नाही, येताना मोजायचं," काका म्हणाले. "जाताना रस्ता लांब असतो."

"काका, रस्ता तोच असतो."

"तू बस चालवली आहेस का?"

मी चालवली नव्हती. काका सोबत आले.

पाटी: १००० मीटर. प्रत्यक्षात: ९३० मीटर २० सेंटीमीटर. (ही पाटी किंचित वाकडीही आहे. नोंद असावी.)

वाट सुंदर होती हे कबूल करताना मला त्रास होतो. एका बाजूला पाणी, दुसरीकडे झाडी, आणि सिमेंट इतकं गुळगुळीत की मोजचाकाचा आवाजही येत नव्हता. एक आजोबा काठी टेकत चालले होते, एक बाई बाबागाडी ढकलत होत्या, दोघं-चौघं पळत होते. मी पाचशेच्या पाटीशी पोचलो, आकडा पाहिला आणि आनंदाने काकांचा हात दाबला. पस्तीस मीटर कमी! हजारच्या पाटीशी सत्तर!

"आधी इथे मातीची पायवाट होती, वळणावळणाची," काका म्हणाले. "पाट्या तिच्या मोजमापाने लागल्या असणार. सिमेंट घालताना वळणं सरळ केली. बसमार्गाचंही असंच करायचे."

मी वाकून आकडा वहीत लिहीत होतो, तेवढ्यात बाबागाडीवाल्या बाई थांबल्या.

"रुंदीकरण का हो?"

"नाही, नाही. सहज मोजतोय."

"सहज कोणी मोजतं का?"

पळणाऱ्यांपैकी एक थांबला, मग दुसरा. "काय झालं?" "मोजणी चाललीय." "म्हणजे झाडं जाणार!" "गाड्या सोडणार इथून!" काठीवाले आजोबा माझ्या मोजचाकासमोर काठी आडवी धरून उभे राहिले. "आधी माझ्यावरून न्या," ते म्हणाले. चाक एवढंसं, ते त्यांच्या चपलेवरूनही गेलं नसतं. पण प्रसंग गंभीर होता. दहा मिनिटांत सतरा माणसं जमली.

"अहो, मी खाजगी माणूस आहे. माझा याच्याशी काही संबंध नाही."

इथे काका माझ्या मदतीला धावले. "घाबरू नका," ते सगळ्यांना उद्देशून मोठ्याने म्हणाले, "साहेब सरकारीच आहेत."

त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की उरलेले हजार मीटर मी सतरा माणसांच्या पहाऱ्यात मोजले, आणि बाबागाडीतलं पोर शेवटपर्यंत माझ्याकडे बोट दाखवत होतं.

सज्ज्यापाशी आकडा थांबला: १८६०.४.

म्हणजे साडूने दोन किलोमीटर ढकललंच नव्हतं. एकशे एकोणचाळीस मीटर साठ सेंटीमीटर त्याने फुकट खाल्ले होते. इतकं हलकं मला आठ महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाटी: १५०० मीटर. प्रत्यक्षात: १३९५ मीटर ३० सेंटीमीटर.

माणसाने इथे थांबायला हवं होतं. ग्रुपवर एक सभ्य निरोप टाकायचा, 'माहितीसाठी', आणि गप्प बसायचं. पण मी खात्याचा माणूस. शिक्का नसलेल्या मापाला माप म्हणत नाहीत. मी उद्यान कार्यालयात गेलो.

खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या टेबलावर वेगवेगळ्या रंगांचे अर्ज रचून ठेवले होते.

"तक्रार कशाची?"

"तळ्याकाठच्या वाटेची लांबी कमी आहे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "लोक जास्त आहे म्हणून येतात. पाय दुखतात त्यांचे."

"मला कमी वाटते. मोजली आहे."

"हिरवा अर्ज पडलेल्या झाडाचा. पिवळा कुत्र्यांचा. गुलाबी दिव्यांचा." त्यांनी गठ्ठा खालीवर केला. "कमी लांबीचा नाही. किती कमी आहे?"

"एकशे एकोणचाळीस मीटर साठ."

"म्हणजे पाटीवर आहेत, पण जागेवर नाहीत?"

"बरोबर."

"मग हरवलेत," बाई म्हणाल्या, आणि एक पांढरा अर्ज पुढे सरकवला.

तो अर्ज मी भरला. माझ्या आयुष्यातला तो एक विचित्र कागद आहे. जसाच्या तसा देतो:

*हरवलेली वस्तू: वाट.*
*संख्या / माप: १३९.६ मीटर.*
*रंग: राखाडी.*
*ओळखीची खूण: व्हीलचेअर जाते.*
*शेवटची कुठे पाहिली: पाटीवर.*
*सापडल्यास कोणास कळवावे:*

इथे माझं पेन थांबलं. सरकारी नोकराने दुसऱ्या खात्याविरुद्ध तक्रार करायची तर वरिष्ठांमार्फत करावी लागते. वरिष्ठ पहिला प्रश्न विचारणार, "खात्याचं मोजचाक रजेच्या दिवशी तळ्यावर काय करत होतं?"

"नाव घाला," बाई म्हणाल्या. "बिननावाचं घेत नाही."

आणि माझ्या हाताने साडूचं नाव लिहिलं. मी नाही, हाताने. पुढे डॉक्टर लावलं. दवाखान्याचा पत्ता लिहिला. फोन नंबर लिहिला, न बघता. ज्याच्यावर आपण जळत नाही, त्याचा नंबर आपल्याला पाठ कसा असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मला फक्त डोळ्यांसमोर दिसत होतं: साडूचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात, आणि फोन वाजतोय. पुन्हा वाजतोय. 'आपली वाट हरवली आहे ना?'

बाईंनी शिक्का मारला. त्या आवाजाने मला फार समाधान झालं.

पाटी: मार्ग बंद. प्रत्यक्षात: मार्ग बंद. (ही एकच पाटी खरी निघाली.)

रविवार उजाडला. मी व्हीलचेअरच्या चाकांना तेल घातलं होतं. दोन उशा, सावलीची टोपी, थर्मासमध्ये चहा, दुर्बीण. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. "थोरले, एवढी तयारी कशाला?" त्या म्हणाल्या, पण खूश होत्या. मला त्या थोरले म्हणतात, साडूला धाकटे. वयाने आणि मानाने हा क्रम बरोबर आहे. फोटोंत तो पाळला जात नाही.

फाटकावर दोरी बांधलेली होती. दोरीला कागद: 'एका दक्ष नागरिकाच्या तक्रारीवरून फेरमोजणीसाठी मार्ग दोन महिने बंद.'

मी तो कागद वाचला. पुन्हा वाचला.

"दोन महिने?" बायको म्हणाली. "मोजायला?"

"मोजून झालंय ताई," पहारेकरी म्हणाला. "कमी भरलं. आता वाढवणार. कोणीतरी दातांचा डॉक्टर आहे म्हणे. तोंडातले कमी पडले म्हणून इथे मोजायला आला."

"दातांचा डॉक्टर?" बायकोने माझ्याकडे बघितलं. "अहो, आपले...?"

"छे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "धाकट्यांना स्वतःच्या चपलेचं माप ठाऊक नाही. दर वेळी मलाच विचारतात."

त्यानंतर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी दुर्बिणीतून झाडी बघू लागलो. दुर्बीण उलटी धरली होती.

परत जाणं मला मंजूर नव्हतं. मी त्यांना गाड्या उभ्या करायच्या मैदानात फिरवलं. सात फेऱ्या. तिथे खडी आहे, त्यामुळे खुर्ची अडकायची, दचकायची, आणि सासूबाईंची टोपी नाकावर यायची.

"छान आहे," पाचव्या फेरीला त्या म्हणाल्या. "ही पांढरी गाडी मघाशीही पाहिली. दिसते बरी."

आम्ही दोन कारच्या मध्ये बसून चहा प्यायलो. बायकोने फोटो टाकला. मेव्हणीने लगेच लिहिलं, "अगं बाई, आईला पार्किंगमध्ये का बसवलंय?" खाली साडूचा हसरा चेहरा.

गुरुवारी साडूचा फोन आला. मी तीन वेळा वाजू दिला. चौथ्यांदा बायकोने उचलून माझ्या कानाला लावला.

"दादा, गंमत ऐका! कुणीतरी माझ्या नावाने तक्रार केलीय त्या वाटेची. रोज चार फोन येतायत कार्यालयातून. आज एका पेशंटचा दात चिमट्यात असताना साहेबांचा आला."

"अरेरे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो नाही.

"मी सांगितलं, ही तक्रार माझी नाही, पण ज्याने केलीय त्याचं बरोबरच असणार, भला माणूस दिसतो. तर साहेब म्हणतात, डॉक्टर, हाच तुमचा मोठेपणा! आता ते एकशे चाळीस मीटर नवे बांधतायत. एकशे एकोणचाळीस साठ होते, म्हणे वर चाळीस सेंटीमीटर आमच्याकडून. सज्ज्यापासून खाली थेट पाण्यापर्यंत, हलक्या उताराने. खुर्चीत बसून पाण्याला हात लागेल, असं. आणि उद्घाटनाला मला बोलावलंय. मी म्हटलं, आईंना घेऊन येतो."

फोन बायकोने ठेवला. मी बराच वेळ कान तसाच धरून बसलो होतो.

पाटी: २००० मीटर. प्रत्यक्षात: (शेवटी लिहितो.)

दोन महिन्यांनी झालेल्या उद्घाटनाला मी पोट दुखतंय म्हणून जाणार नव्हतो. "थोरले आले तरच मी येईन," सासूबाई म्हणाल्या, म्हणून पोट घेऊन गेलो.

त्या दिवशी ते सतराही जण आले होते. काठीवाल्या आजोबांनी मला ओळखलं आणि साडूला जाऊन सांगितलं, "डॉक्टरसाहेब, या माणसापासून सांभाळा. हा रस्ता रुंद करायला आला होता." साडूने माझ्या खांद्यावर हात टाकला. "आमचे दादा आहेत ते," तो म्हणाला. असा माणूस. याच्याशी वैर तरी कुठून सुरू करायचं?

साडूला फुलांचा गुच्छ दिला. टाळ्या झाल्या. तळ्यावरून वारा येत होता आणि साडूचे केस, सगळेच्या सगळे, हलत होते. साहेबांनी भाषण केलं: "ज्यांनी एक सेंटीमीटरही सोडला नाही, अशा नागरिकाचा हा अर्ज आम्ही इथे कायमचा लावत आहोत." आणि पडदा बाजूला केला. काचेच्या चौकटीत, चौपट मोठा करून: माझा पांढरा अर्ज. माझं अक्षर. 'सापडल्यास कोणास कळवावे' पुढे साडूचं नाव, डॉक्टरसकट.

साडू अर्जाकडे बघून कौतुकाने मान हलवत होता. स्वतःच्या नावाखाली दुसऱ्याचं अक्षर आहे, हे त्याला दिसलं नाही. त्याला कोणाचंच वाईट दिसत नाही. हा त्याच्या अवगुणांपैकी सगळ्यात असह्य.

"माझा चष्मा द्या," सासूबाई म्हणाल्या.

मी दिला. न देऊन सांगतो कुणाला? त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. साडू तेवढ्यात पुढे आला. "चला आई, नव्या वाटेवर पहिली खुर्ची आपली!" त्याने मुठींना हात घातला. मेव्हणीने फोन वर धरला.

"थांबा धाकटे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गुच्छ सांभाळा. चुरगळतोय. थोरले, तुम्ही या."

मी मुठी धरल्या. उतार सुरू झाला. मागचे आवाज लांब गेल्यावर त्या मान न वळवता म्हणाल्या, "तो नऊ."

"कुठला नऊ?"

"अर्जातला. शेपूट आत वळवलेला. रोज सकाळी बघते मी तो. रक्तदाबाच्या डबीवर. 'सकाळी नऊ, अर्धी.' 'रात्री नऊ, एक.'"

दहा महिन्यांच्या सगळ्या डब्या मी लिहिल्या होत्या, चिकटपट्टीवर, ठळक. त्या कोणी वाचत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. म्हणजे औषध घेण्यापुरतं सोडून.

"आई, मी ते..."

"मला काही सांगू नका. चाळीस वर्षं बायकांना शिवण शिकवलं. शेजारणीचा ब्लाउज आपल्यापेक्षा बरा बसला, की उसवून बघणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पण उसवून त्यातून मला एवढी लांब ओढणी कुणी शिवून दिली नव्हती. हळू घ्या. हे तुमचे मीटर आहेत ना? मग पुरवून पुरवून न्या."

मी हळू घेतलं. सवयीप्रमाणे चाकाचे फेरे मोजत होतो. परीघ एक मीटर एक्क्याण्णव. मोजायचं नव्हतं, पण माझं डोकं ऐकत नाही.

वाट संपली तिथे काठ इतका खाली होता की त्यांनी खुर्चीतून हात सोडला आणि बोटं पाण्यात गेली. त्यांनी हात मनगटापर्यंत आत घातला. ग्रुपवर निरोप मात्र पाठवला नाही. मी दोनदा बघितलं.

वरून मेव्हणीने फोटो काढला, तो नंतर आला. त्यात सासूबाई आहेत, पाणी आहे, आणि उजव्या कडेला माझं कोपर आहे. चालेल.

"भरले का?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. "एकशे चाळीस?"

बहात्तर फेरे आणि वर नव्वद सेंटीमीटर. एकशे अडतीस मीटर बेचाळीस; म्हणजे सगळी वाट १९९८ मीटर ८२ सेंटीमीटर.

"भरले," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पास केलेलं हे पहिलं खोटं माप. अर्ज करणार नाही. एक मीटर अठरा सेंटीमीटर अजून हरवलेलेच आहेत, आणि माझी काही हरकत नाही.